मानपत्राची दुसरी प्रत

महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिकांचे महापौर आणि नगरपरिषदांचे नगराध्यक्ष यांना खुले पत्र





नगराच्या प्रथम नागरिकाचा कार्यकाळ संपताना, किंवा त्याच्या एकसष्टीच्या निमित्ताने, शाल-श्रीफळासोबत मानपत्र अर्पण करण्याची जी प्रथा आपल्याकडे रूढ आहे, तिचे सध्याचे रूप, म्हणजे वेलबुट्टीची चौकट, मधोमध ठळक अक्षरांत नाव, खाली गुणवर्णन आणि अखेरीस स्वाक्षऱ्या, हे बहुतांशी ब्रिटिश अमदानीतील नगरपालिकांबरोबर येथे आले. प्रस्तुत पत्राचा हेतू या प्रथेला विरोध करण्याचा नाही. नगराच्या प्रमुखाला दिले जाणारे प्रत्येक मानपत्र दोन प्रतींत लिहिले जावे, त्यातील एक प्रत नगराच्या कायमस्वरूपी अभिलेखात राहावी आणि मजकूर त्या दुसऱ्या प्रतीला शोभेल असा असावा, एवढीच विनंती येथे करावयाची आहे. विनंती लहान असली तरी तिच्यामागचा इतिहास बराच लांबचा आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय दुसऱ्या प्रतीचा आग्रह केवळ कारकुनी हट्ट वाटण्याचा संभव आहे.

युरोपात सोन्याचा वर्ख, खनिज रंग आणि चित्रमय आद्याक्षरे यांनी सजवलेल्या हस्तलिखितांची परंपरा मध्ययुगात मुख्यतः धर्मग्रंथांच्या आश्रयाने वाढली. वासराच्या किंवा मेंढीच्या कमावलेल्या कातड्याचे गुळगुळीत पान, म्हणजे चर्मपत्र, त्यावर पिसाच्या लेखणीने लिहिलेला मजकूर आणि पानावर प्रकाश पडताच उजळून निघणारे सोने अशी या ग्रंथांची साधारण घडण असे. मठांतून ही कला शहरांत आली, तेव्हा व्यापाराने सधन झालेल्या नगरांनी तिचा उपयोग आपल्या सनदा, कायदे आणि अधिकाऱ्यांच्या नावांच्या नोंदी यांसाठी करून घेतला. नगराध्यक्षाचे चित्र सोनेरी पानावर आले ते या मार्गाने, आणि ते प्रथम आले ते नगराच्या मालकीच्या वहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

इंग्लंडच्या पश्चिमेकडील ब्रिस्टल या बंदराचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. तिसऱ्या एडवर्डच्या 1373 च्या सनदेने ब्रिस्टलला स्वतंत्र परगण्याचा दर्जा मिळाला होता आणि तेथील महापौर दरवर्षी बदलत असे. 1478 मध्ये रॉबर्ट रिकार्ट हा नगराचा लेखनिक झाला. हे पद आजच्या नगरसचिवाच्या जवळपासचे म्हणता येईल. पुढच्याच वर्षी, तत्कालीन महापौर विल्यम स्पेन्सर याच्या सांगण्यावरून, त्याने ‘ब्रिस्टलच्या महापौराचे कॅलेंडर’ या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ लिहावयास घेतला. कॅलेंडर म्हणजे येथे भिंतीवरची दिनदर्शिका नव्हे; नगराचा इतिहास, महापौरांची वर्षवार नामावली, अधिकाऱ्यांचे रीतिरिवाज, सनदा आणि कायदे यांची सहा भागांत बांधलेली ही नोंदवही आहे. तिच्यात ब्रिस्टलचा एक नकाशा आहे. मधोमध चौकातला उंच क्रूस आणि तेथून चार दिशांना जाणारे चार रस्ते दाखवणारा हा नकाशा इंग्लंडमधील नगरांच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक मानला जातो. दुसरे प्रसिद्ध चित्र नव्या महापौराच्या शपथविधीचे आहे. मावळता महापौर नव्याला शपथ देत आहे, लेखनिक शपथेचा मजकूर वाचत आहे आणि भोवती नगराचे प्रतिष्ठित उभे आहेत. आजचा छायाचित्रकार निवडील तो क्षण हारतुऱ्यांचा असेल. रिकार्टच्या चित्रकाराने निवडला तो जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचा.

या ग्रंथातील चौथा भाग विशेष वाचनीय आहे, कारण त्यात महापौराने वर्षभर काय करावयाचे ते बारकाईने नोंदवलेले आहे. बुधवारी आणि शनिवारी सकाळी लवकर उठून त्याने बिअर बनवणाऱ्यांकडे फेरी मारावी आणि गोरगरिबांना माप पुरेपूर मिळते की नाही हे पाहावे, अशी त्यात रीत सांगितली आहे. भाकरीचे वजन, सरपणाचा भाव असल्या बाबीही त्याच्या नजरेखालून जाव्यात अशी अपेक्षा आहे. त्याच ग्रंथात डिसेंबरातील संत निकोलसच्या सणाची हकीकत येते. त्या दिवशी एका लहान मुलाला गमतीने बिशप करण्याची चाल होती. जेवणानंतर तो बालबिशप येईपर्यंत महापौर आणि त्याचे सहकारी महापौराच्या कचेरीत फासे खेळत बसत. फासे पुरवण्याचे काम नगराच्या लेखनिकाकडे असे आणि प्रत्येक डावामागे त्याला एक पेनी मिळे. आपल्या पदरी पडणारी ही पेनी रिकार्टने नगराच्या अधिकृत ग्रंथात बिनदिक्कत नोंदवून ठेवली आहे. अशा माणसाच्या नोंदीवर वाचकाचा विश्वास बसतो, आणि म्हणूनच त्याच्या ग्रंथातील महापौर पुतळ्यासारखा भासत नाही, एका वर्षापुरता कामाला लावलेला माणूस वाटतो. पुढच्या लेखनिकांनी महापौरांच्या यादीत भर घालणे चालू ठेवले, 1872 मध्ये लूसी टूलमिन स्मिथ या विदुषीने ग्रंथाची छापील आवृत्ती संपादित केली आणि मूळ हस्तलिखित आजही ब्रिस्टलच्या अभिलेखागारात आहे.

फ्रान्सच्या दक्षिणेतील तुलूझ या नगराची कथा याहून भव्य आणि तितकीच सावध करणारी आहे. तेथे एकच महापौर नव्हता; कापितूल नावाचे नगरशासक दरवर्षी निवडले जात आणि नंतरच्या शतकांत त्यांची संख्या आठ होती. 1295 पासून नगराने वार्षिक नोंदींचे ग्रंथ ठेवावयास सुरुवात केली, त्यांत पुढे प्रत्येक वर्षाच्या कापितूलांची चित्रे येऊ लागली आणि 1787 पर्यंत चाललेल्या या परंपरेचे बारा ग्रंथ झाले. नगराच्या ग्रंथात आपली प्रतिमा रंगवून घेणे हा त्या पदाचा रीतसर हक्कच मानला जाई. जाँ शालेत आणि आंत्वान रिव्हाल्झ यांच्यासारखे कसबी चित्रकार नगराच्या पगारी नेमणुकीवर होते. परंतु कापितूलपदाबरोबर वंशपरंपरागत सरदारकीही मिळत असल्यामुळे ही चित्रे हळूहळू सेवेपेक्षा विशेषाधिकाराची खूण होऊन बसली. राज्यक्रांतीच्या काळात, 1793 मध्ये, तुलूझमधील क्रांतिकारकांनी या ग्रंथांतील चित्रांची पाने फाडून जाहीरपणे जाळली. त्यात अनेक शतकांची चित्रकला नष्ट झाली याची हळहळ वाटते. तरीही जाळणाऱ्यांचा राग समजण्यापलीकडचा होता असे म्हणवत नाही. चित्रातील चेहऱ्याने नगरासाठी काय केले हे पाहणाऱ्याला ठाऊक नसेल, तर त्याला दिसतो तो केवळ उंची झगा.

या दोन्ही नगरांत फरक पुष्कळ असला तरी एक गोष्ट समान होती, ती म्हणजे सन्मानाचे पान नगराजवळ राहत होते. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये हा क्रम उलटला. 1835 च्या नगरपालिका कायद्याने जुन्या, आपसांत सभासद नेमणाऱ्या मंडळींच्या जागी करदात्यांनी निवडलेल्या परिषदा आल्या आणि महापौर या परिषदेकडून वर्षभरासाठी निवडला जाऊ लागला. बहुतेक ठिकाणी हे पद बिनपगारी, किंबहुना पदरमोड करावयास लावणारे असे. गिरणीमालक, पेढीवाले, मद्यव्यवसायी असे सधन नागरिक ते स्वीकारीत, मेजवान्या देत, दुष्काळनिधीला हातभार लावीत आणि वर्षाअखेरीस सहकाऱ्यांकडून त्यांना चांदीची भांडी, तैलचित्र किंवा सुवर्णालंकृत मानपत्र मिळे. त्याच सुमारास मध्ययुगीन कलेविषयीचे आकर्षण वाढले होते. हेन्री नोएल हम्फ्रीज आणि ओवेन जोन्स यांच्यासारख्यांनी जुन्या हस्तलिखितांचे नमुने रंगीत शिलामुद्रणाने छापून घराघरांत पोहोचवले होते आणि रंगविक्रेते या कलेसाठी लागणाऱ्या साहित्याच्या पेट्या विकू लागले होते. बेलफास्टची मार्कस वॉर्ड ही छापखान्याची पेढी अशा मानपत्रांसाठी नावाजली गेली आणि जॉन व्हिनिकोम हा तिचा प्रमुख कलाकार होता. आयर्लंडमधील मानपत्रांतून ‘केल्सचा ग्रंथ’ या मध्ययुगीन आयरिश हस्तलिखिताच्या धर्तीवरील गुंतागुंतीची विणकाम-नक्षी दिसते, तर इंग्लंडमधील मानपत्रांत नगराचे मानचिन्ह, नगरभवनाचे चित्र, कधी नव्या पाणीपुरवठ्याच्या टाकीचे चित्र आणि सत्कारमूर्तीच्या नावाची गुंफलेली आद्याक्षरे असा सरंजाम असे. 1885 च्या एका कायद्याने कोणत्याही बरोला, म्हणजे सनदप्राप्त नगराला, मान्यवर व्यक्तीस सन्माननीय नागरिकत्व देण्याची मुभा मिळाली आणि तेव्हापासून मानपत्राबरोबर चांदीचा करंडकही अधिकच रुळला.

या कामातील कारागिरी कमी लेखता येणार नाही. उठावदार सोने चढवण्यासाठी विझवलेले प्लास्टर, सफेता, थोडी साखर आणि माशाचा सरस यांचा लेप खलून तयार करावा लागतो; त्यात रंग ओळखू यावा म्हणून किंचित तांबूस माती घालतात. पिसाच्या लेखणीने हा लेप अक्षरावर थेंबाथेंबाने भरावयाचा, तो वाळू द्यावयाचा आणि मग जवळून तोंडाची वाफ देऊन त्याला क्षणभर ओलसर करून त्यावर सोन्याचा वर्ख टेकवावयाचा. नंतर अकीकाच्या गुळगुळीत टोकाने घोटला की वर्ख आरशासारखा चमकू लागतो. हवा फार कोरडी असेल तर वर्ख धरत नाही आणि फार दमट असेल तर लेप मऊ राहून घोटताना ओरखडतो, म्हणून जाणते कारागीर कामाची वेळ हवा पाहून ठरवतात. चांदीचा वर्ख कालांतराने काळवंडतो हेही त्यांना अनुभवाने ठाऊक झालेले असते. याउलट मागणी वाढल्यावर बाजारात छापील चौकटीची मानपत्रेही मिळू लागली. चौकट यंत्राने छापलेली, मधली जागा कोरी आणि नाव तेवढे हाताने भरलेले, असा तो सोयीचा मामला होता. एडवर्ड जॉन्स्टन याने 1899 पासून लंडनमध्ये सुलेखनाचे अध्यापन केले आणि 1906 मध्ये लेखन, अलंकरण व अक्षररचना यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आधी मजकूर नीट वाचता येईल असा लिहावा आणि शोभा त्या लेखनातूनच उगवावी, हा त्याच्या शिकवणीचा गाभा होता.

शोभेपेक्षा अधिक दुबळा असे तो मजकूर. व्हिक्टोरियाकालीन मानपत्र साधारणपणे खाली सही करणाऱ्यांच्या सामूहिक उल्लेखाने सुरू होते, महापौराची तळमळ, निःपक्षपातीपणा, सौजन्य आणि पत्नीचे आतिथ्य यांची वाखाणणी करते आणि उभयतांना दीर्घायुष्य चिंतून थांबते. सहीची यादी हाच त्यातील सर्वांत मोलाचा भाग असतो, कारण त्या वर्षी त्या नगरात कोण सभासद होते आणि कोणी सही केली नाही हे तिच्यावरून कळते. परंतु हा कागद महापौराच्या घरी जाई, दिवाणखान्यात टांगला जाई आणि दोन पिढ्यांनी लिलावात किंवा माळ्यावर पोहोचे. नगराकडे उरे तो इतिवृत्तातील एका ओळीचा ठराव.

मजकूर वेगळा असू शकतो याचा पुरावा कागदावर नव्हे, दगडावर मिळतो. जोसेफ चेंबरलेन 1873 ते 1876 या काळात बर्मिंगहॅमचा महापौर होता आणि खासगी कंपन्यांकडची गॅस व पाणीपुरवठ्याची व्यवस्था त्याच्या पुढाकाराने नगराच्या मालकीची झाली. 1880 मध्ये त्याच्या सन्मानार्थ उभारलेल्या कारंजावरील लेखात तो परिषदेवर कधी निवडून आला, महापौर कधी झाला, पद कधी व कशासाठी सोडले आणि कोणत्या दोन व्यवस्था त्याच्यामुळे नगराच्या ताब्यात आल्या हे सारे सरळ सांगितले आहे. चेंबरलेनच्या पुढील साम्राज्यवादी राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, हा लेख वाचणाऱ्याला विधान खरे की खोटे ते तपासून पाहता येते. नुसत्या सौजन्याच्या स्तुतीला अशी कसोटी लावता येत नाही.

आपल्या प्रांतात ही प्रथा आली तेव्हा तिचे बहुतेक मानकरी राज्यकर्तेच होते. स्थानिक स्वराज्याविषयीचा 1882 चा ठराव करणारे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन डिसेंबर 1884 मध्ये मुंबईहून मायदेशी निघाले, तेव्हा त्यांच्यापुढे मानपत्रांची रीघ लागली होती आणि त्या गौरवात लोकांची खरी कृतज्ञता होती. पण त्याआधीचा एक प्रसंग महापौरांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना त्यांच्या स्वागतासाठी आणि मानपत्रासाठी पुणे नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. जोतीराव फुले तेव्हा नगरपालिकेचे नियुक्त सभासद होते. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते आणि प्रस्तावाविरुद्ध मत देणारे ते एकटेच निघाले. या विरोधाकडे केवळ काटकसरीचा मुद्दा म्हणून पाहणे अपुरे आहे. करदात्यांच्या पैशाने कोणाचा, कशासाठी आणि कोणाच्या वतीने गौरव करावयाचा, हा प्रश्न त्या एका मताने सभागृहापुढे ठेवला.

पुढे मानपत्रे परक्या सत्ताधीशांकडून स्वदेशी पुढाऱ्यांकडे वळली. हरिजनयात्रेच्या काळात महात्मा गांधी मिळालेली मानपत्रे आणि चांदीचे करंडक त्याच सभेत लिलावात काढीत आणि आलेली रक्कम अस्पृश्यतानिवारणाच्या कार्याला देत. 25 जून 1934 रोजी पुणे नगरपालिकेचे मानपत्र स्वीकारण्यासाठी ते येत असताना बाँबहल्ला झाला आणि ते थोडक्यात बचावले. मानपत्राचा लिलाव करण्याची ही रीत करंडकाच्या चांदीला उपयोगी लावणारी होती खरी, पण तिच्यामुळे अनेक नगरांचे शब्द कोणाच्या हाती गेले याचा माग काढणे कठीण होते. अशा वेळी नगराकडे दुसरी प्रत असती तर चांदी लोकांच्या कामी आली असती आणि शब्दही उरले असते.

आज आपल्या नगरांतून दिल्या जाणाऱ्या मानपत्रांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले तर चिंता वाटते. कार्यसम्राट, विकासपुरुष, गोरगरिबांचा आधारवड, अष्टपैलू व्यक्तिमत्त्व ही विशेषणे एकापुढे एक मांडली की मजकूर तयार होतो, छपाईवाला जुन्या फाइलमधील नाव बदलतो आणि संध्याकाळी सोनेरी चौकटीत कागद हजर होतो. व्हिक्टोरियाकालीन छापील चौकटीत निदान नाव तरी हाताने लिहिलेले असे. अडीच वर्षांच्या कार्यकाळात महापौराने कोणत्या प्रभागात कोणती जलवाहिनी बदलून घेतली, कोणत्या शाळेची इमारत वाचवली, सर्वसाधारण सभा किती वेळा वेळेवर भरवली, विरोधी सभासदांना बोलू दिले की नाही, यांपैकी एकही गोष्ट त्यातून कळत नाही. पन्नास वर्षांनी नगराचा इतिहास लिहिणाऱ्याला हा कागद सापडला तरी त्याच्या हाती काहीच लागणार नाही.

म्हणून विनंती अशी की, मानपत्राचा मजकूर सर्वसाधारण सभेत ठरावासोबत मांडला जावा आणि त्यात निदान तीन कामे वर्ष, ठिकाण आणि संबंधित ठरावाचा क्रमांक यांसह नोंदवलेली असावीत. ज्याला हे जमत नसेल त्याला शाल आणि श्रीफळ देऊन मोकळे व्हावे. त्यात अपमान नाही. दुसरी प्रत टिकाऊ, आम्लविरहित कागदावर लिहून घ्यावी आणि कार्यालयीन अभिलेखांच्या वर्गीकरणातील ‘अ’ वर्गात, म्हणजे कायमस्वरूपी जतन करावयाच्या कागदांत, दाखल करावी. तिच्यावर सह्या मूळ असाव्यात, छापलेल्या नसाव्यात. प्लास्टिकचे तापवलेले वेष्टन, ज्याला सर्वत्र लॅमिनेशन म्हणतात, ते टाळावे, कारण त्यात उष्णतेने बसलेला चिकट थर कागदावरून पुन्हा सोडवता येत नाही. नगरभवनात पूर्वीची जुनी मानपत्रे टांगलेली असतील तर ती उन्हाच्या तिरिपेतून हलवावीत. काच चित्राला चिकटलेली असेल तर ती घरच्या घरी ओढून काढू नये, कारण रंग आणि वर्ख काचेबरोबर निघून येतात. चर्मपत्र असल्यास कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत ते फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे वरचे सोने तडकते. अशा पानांसाठी जाणत्या संवर्धकाला बोलवावे आणि तोवर त्यांची स्पष्ट छायाचित्रे काढून मजकूर आणि सह्यांची यादी उतरवून ठेवावी.

कामे निवडताना वादग्रस्त कामे वगळण्याचा मोह होईल. तो आवरणे इष्ट, कारण रस्तारुंदीसाठी घरे हलवावी लागली असतील तर तेही नगराच्या वहीत आलेले बरे. मानपत्रावर सही करण्यास नकार देणाऱ्या सभासदांची नोंद इतिवृत्तात ठेवावी आणि त्यासाठी त्यांच्यावर रोष धरू नये. पुण्याच्या नगरपालिकेत झालेले विरोधाचे एक मत आज त्या ठरावाच्या बाजूच्या सगळ्या मतांपेक्षा अधिक ओळखीचे आहे.

खर्चाचा प्रश्न उरतो. दुसरी प्रत सोन्याची असण्याचे कारण नाही. काळ्या शाईत, सुवाच्य देवनागरीत, एखाद्या स्थानिक सुलेखनकाराकडून ती लिहवून घेता येईल. त्याला योग्य मोबदला द्यावा आणि पानाच्या तळाशी त्याचे नाव व तारीख त्यालाच लिहू द्यावी. घरी जाणाऱ्या पहिल्या प्रतीवर वर्ख चढवावयाचा की नाही हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर आणि अभिरुचीवर सोपवावे, मात्र त्याचे देयक नगरनिधीतून न काढता सही करणाऱ्यांनी वर्गणी काढून भागवावे.